उंबरठ्याची उंची

१९४४च्या उन्हाळ्यात ६२ वर्षांचे एक गृहस्थ बोटीनं अलास्का हिंडून आले. पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय २३ वर्षांपासून निकामी होते. सोबत फाला नावाचा काळा, केसाळ कुत्रा होता. पर्ल हार्बरहून निघालेली त्यांची युद्धनौका आधी ॲल्यूशियन बेटांमधल्या अडॅकला थांबली, मग कोडियाकला. ज्यूनोजवळच्या ऑक उपसागरात ते 'कमिंग्ज' नावाच्या लहान विनाशिकेवर गेले. तिथून बेटांच्या आतल्या बाजूनं जाणारा शांत जलमार्ग धरून १२ ऑगस्टला सिॲटलसमोरच्या ब्रेमर्टन बंदरात पोचले. आजचे क्रूझवाले हाच मार्ग 'इनसाइड पॅसेज' म्हणून विकतात.

गृहस्थांचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. महायुद्ध चालू होतं, निवडणूक तोंडावर होती. ही सफर अमेरिकेच्या लक्षात राहिली ती मात्र कुत्र्यामुळे. फाला चुकून बेटावरच राहिला आणि त्याला परत आणायला सरकारी खर्चानं विनाशिका धाडली, अशी आवई विरोधकांनी उठवली. २३ सप्टेंबरच्या भाषणात रूझवेल्टनी तिची अशी काही टर उडवली की ते भाषण आजही फालाच्या नावानं ओळखलं जातं.

मला त्या काळातल्या बोटी आणि विमानं जास्त बघण्यासारखी वाटतात. १९४३ साली 'आयोवा' या युद्धनौकेवर रूझवेल्टसाठी खास बाथटब बसवला होता. 'सेक्रेड काऊ' या टोपणनावाच्या त्यांच्या विमानाला व्हीलचेअरसकट माणूस वर घेणारी लिफ्ट होती. ती नसती तर प्रत्येक विमानतळावर लांबलचक उतरंड बांधावी लागली असती, आणि उतरंड दिसली की कोण येतंय हे हेरांना कळलं असतं. एवढं सगळं करूनही लोकांना व्हीलचेअर दिसू द्यायची नव्हती. व्हीलचेअरमधल्या रूझवेल्टचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ब्रेमर्टनचं भाषणही त्यांनी पायांना पोलादी पट्ट्या बांधून, डेकवर उभं राहून केलं.

राष्ट्राध्यक्षाला अडचण आली की जहाज बदलतं. बाकीच्यांना अडचण आली की प्रवास रद्द होतो. या दोहोंमधलं अंतर कमी करायला अमेरिकेला पुढची साठएक वर्षं लागली, आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही. गेले चार महिने मी ते इंचांमध्ये मोजतेय.

आत्याची अट

माझी आत्या ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर तिनं सांगली जिल्ह्यात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पुढे खांद्यांनी दगा दिला, तेव्हापासून ती व्हीलचेअर वापरते. मी सिॲटलजवळ नोकरी करते. पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे येणार आहे आणि तिला बर्फाची नदी बघायची आहे. चौथीच्या भूगोलात तिनं ती शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवली आहे.

बेत असा: व्हँकुव्हरहून सात दिवसांची क्रूझ, वाटेत केचिकन, ज्यूनो, स्कॅगवे आणि ग्लेशियर बे. व्हिटियरला उतरून रेल्वेनं देनाली राष्ट्रीय उद्यान. तिथं दोन रात्री, बसनं उद्यानाची फेरी, आणि अँकरेजहून विमानानं परत. समुद्र आणि जमीन दोन्ही एकाच सहलीत.

आत्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "मला कुणी उचलायचं नाही. जिथं उचलावं लागेल, तिथं मी येणार नाही."

ही अट परक्या माणसाला हट्ट वाटेल. पण तिला आयुष्यभर लोकांनी उचललेलं आहे. एसटीच्या पायऱ्यांवर, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, सप्तशृंगीच्या गडावर डोलीत. उचलणारे सगळे भलेच असतात. "पण उचलल्यावर माणूस माणसांशी बोलत नाही गं," ती म्हणाली. "ते एकमेकांशी बोलतात. 'इकडून धर, तिकडून धर.' मी मधे कपाट."

म्हणून मी तिच्यासाठी क्रूझ शोधताना नजाऱ्यांऐवजी मापं शोधायला लागले. आणि प्रत्येक मापाच्या मागे एक भांडण सापडत गेलं.

२५ इंच

पहिलं माप खुर्चीचं. आत्याची व्हीलचेअर चाकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजली तर २५ इंच रुंद आहे. सीटच्या खाली इंग्रजी एक्ससारखे दोन आडवे-तिरपे दांडे आहेत. सीट मधोमध वर ओढली की खुर्ची मिटते.

ती मिटते कारण हर्बर्ट एव्हरेस्ट नावाच्या खाण अभियंत्याला खाणीतल्या अपघातानंतर चालता येईना, आणि त्याला मोटारीतून फिरायचं होतं. तेव्हाच्या व्हीलचेअर म्हणजे चाकं लावलेल्या अवजड आरामखुर्च्या. त्या घरात किंवा इस्पितळात ठेवायच्या वस्तू होत्या. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हरेस्टनं हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्रासोबत पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची बनवली. प्रवासाची हौस हे या खुर्चीच्या जन्माचं कारण आहे, हे मला फार आवडतं. तिच्या आधी व्हीलचेअर म्हणजे बसून राहायची जागा होती. मिटायला लागल्यावर ती सोबत न्यायची वस्तू झाली.

पुढे या दोघांच्या कंपनीची बाजारावर अशी पकड बसली की १९७७ साली अमेरिकेच्या न्याय खात्याला तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरावा लागला. त्याच वर्षी व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक मोठी गोष्ट केली.

चार वर्षं आणि एक सही

१९७३ साली अमेरिकेत पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या कलम ५०४मध्ये एकच वाक्य महत्त्वाचं होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही उपक्रमात अपंग व्यक्तीला केवळ अपंग म्हणून डावलता येणार नाही. वाक्य सुंदर होतं, पण त्याचा अर्थ काय? दार किती रुंद? उतरंड किती तिरपी? कुणी करायचं, कधीपर्यंत? हे सांगणारे नियमच निघाले नाहीत. एक सरकार गेलं, दुसरं गेलं, तिसरं आलं, नियमांची फाइल टेबलावरच राहिली.

५ एप्रिल १९७७ला देशभर निदर्शनं झाली. सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून जास्त अपंग लोक आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या कचेरीत शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. कुणाला रात्री कूस बदलायला माणूस लागायचा, कुणाला लघवीसाठी नळी. औषधं, गाद्या, फोन यांची मारामार होती. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणून द्यायचे. तीन आठवड्यांनी, २८ एप्रिलला, मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली.

या आंदोलनातलं एक ठळक नाव ज्यूडिथ ह्यूमन. त्यांनाही लहानपणीच पोलिओ झालेला. पाच वर्षांच्या असताना शाळेनं प्रवेश नाकारला. आग लागली तर त्यांच्या व्हीलचेअरमुळे धोका होईल म्हणे. १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं त्यांना शिक्षिकेचा परवाना दिला नाही. त्या कोर्टात गेल्या आणि शिक्षिका झाल्या. हे आत्याला सांगितलं तेव्हा ती हसली. तिच्या हेडमास्तरांनी तिला कायम तळमजल्यावरचा वर्ग दिला, पण शाळेचं संडास तीन पायऱ्यांवर होतं. ३१ वर्षं ती शाळेत पाणी पीत नव्हती.

कायदा म्हणतो 'समान'. नियम म्हणतो '३२ इंच'. सॅन फ्रान्सिस्कोतली माणसं दुसऱ्या गोष्टीसाठी बसली होती. त्यांना ठाऊक होतं की खुर्ची दारातून जाते ती मापामुळे.

आकाशातला पट्टा

आत्याचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होईल, म्हणून विमानाचं आधी पाहिलं. कलम ५०४ सरकारी पैसा घेणाऱ्यांना लागू होतं. विमान कंपन्या तो घेतात का? विमानतळ घेतात, हवाई नियंत्रणाचा खर्च सरकार करतं. अपंग माजी सैनिकांची संघटना हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८६च्या जूनमध्ये न्यायालयानं सांगितलं की पैसा विमानतळाला मिळतो, कंपनीला नाही. सबब कलम लागू नाही.

म्हणजे धावपट्टीपर्यंत हक्क होता आणि विमानाच्या दारात संपत होता. संसदेनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेगळा कायदा करून ही फट बुजवली. १९९०मध्ये नियम आले: शंभर किंवा जास्त आसनांच्या नव्या विमानांत घडीची एक व्हीलचेअर केबिनमध्ये ठेवायला जागा, काही आसनांचे वर होणारे हात, आतल्या अरुंद वाटेतून नेणारी लहान खुर्ची. २००९पासून हे नियम अमेरिकेला ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांनाही लागू आहेत. मुंबईहून येणारं विमानही त्यात बसतं.

नियम आहेत म्हणून सगळं ठीक चालतं असं नाही. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत अमेरिकी विमान कंपन्यांनी अकरा हजारांहून जास्त व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा पोचवल्या. पण हा आकडा आपल्याला कळतो, कारण २०१८च्या डिसेंबरपासून तो मोजून जाहीर करणं बंधनकारक झालं. आत्याची खुर्ची केबिनमध्येच ठेवायची मागणी मी आत्ताच नोंदवून ठेवली आहे. चाकं आणि पायठेवणी निघतात का, किती वजन, किती घडी, सगळं लिहून दिलंय.

झेंडा कुणाचा?

आता जहाज. गुंता इथंच सर्वांत जास्त आहे.

१९९०च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला संसद भवनाच्या पायऱ्यांपाशी काही डझन माणसांनी आपापल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि ते हातांवर, गुडघ्यांवर, पोटावर सरपटत वर चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. २६ जुलैला अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, म्हणजे एडीए, मंजूर झाला. आता सरकारी पैशाची अट उरली नाही. हॉटेल, नाट्यगृह, दुकान, खाणावळ, सगळे त्यात आले.

क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, त्यातच नाट्यगृह, दुकानं आणि खाणावळी. पण कायद्यात जहाज हा शब्दच नव्हता. त्यातून अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींवर झेंडा असतो बहामा, पनामा किंवा बर्म्युडाचा. त्या झेंड्यामुळे कर वाचतो, कामगार कायदे सैल होतात. कंपन्यांचं म्हणणं होतं की त्याच झेंड्याखाली एडीएही लागू होत नाही.

हा झेंडा आमच्या नकाशावरही दिसतो. १८८६चा एक जुना कायदा सांगतो की परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी पोचवायचे नाहीत. म्हणून सिॲटलला राहणाऱ्या मला आत्याला घेऊन आधी कॅनडात जावं लागणार आहे, आणि तिला कॅनडाचाही व्हिसा काढावा लागणार आहे.

पहिला मोठा निकाल २००० साली लागला. एका प्रवासी बाईंना जादा पैसे घेऊन 'व्हीलचेअरसाठी योग्य' म्हणून केबिन विकली होती. गेल्यावर बघतात तर ती तशी नव्हतीच. अपील न्यायालयानं सांगितलं की एडीए परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही लागू होऊ शकतो. पण टेक्सासहून आलेल्या दुसऱ्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयानं नेमकं उलट सांगितलं. हा खटला 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन'. ह्यूस्टनहून १९९८ आणि १९९९ साली निघालेल्या प्रवाशांचं म्हणणं होतं की अपंग म्हणून त्यांच्याकडून जास्त पैसे घेतले, सोबत माणूस आणायची सक्ती केली, आणि जहाजावरच्या कितीतरी जागांमध्ये त्यांना जाताच येत नव्हतं.

६ जून २००५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं. सार असं: अमेरिकी पाण्यात येऊन, अमेरिकी प्रवासी घेऊन धंदा करायचा तर एडीए पाळावा लागेल. मात्र जिथं जहाजाची रचना बदलल्यानं आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार मोडेल किंवा जहाजाला धोका होईल, तिथं तो बदल करायची सक्ती नाही.

या 'मात्र'मध्ये उंबरठा बसतो. जहाजावरच्या दारांना तळाशी उंच कड असते. समुद्राचं पाणी एका भागातून दुसऱ्या भागात शिरू नये म्हणून ती असते. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानंतर पाणी अडवणाऱ्या भिंती आणि दारं हा जगाच्या काळजीचा विषय झाला. उंबरठा सगळ्यांचा जीव वाचवतो, आणि व्हीलचेअरला अडवतो. खटला चालवणाऱ्यांनी या उंबरठ्यांचाही उल्लेख केला होता.

हे वाचताना मला घरचा उंबरठा आठवला. आपल्याकडे त्याची पूजा होते, त्यावर बसू नये म्हणतात, माप ओलांडून नवरी घरात येते. आत्याला लहानपणी सगळ्यांत आधी शिकवली गेलेली गोष्ट म्हणजे कुबडी उंबरठ्याच्या पलीकडे टेकवून शरीर मागून ओढायचं. परंपरा असो वा सुरक्षा, उंबरठ्याला कारण नेहमीच असतं. त्याच्यावरून जाणारी छोटी उतरंड ठेवायला कुणाची हरकत होती, हे मात्र विचारायचं राहून जातं. आजच्या बहुतेक नव्या क्रूझ बोटींवर प्रवाशांच्या वावराच्या जागी तशा उतरंडी आहेत किंवा कड सपाटच आहे. म्हणजे ते जमण्यासारखं होतं.

२०१०मध्ये वाहतूक खात्याचे नियम आले. अपंग प्रवाशाला नाकारायचं नाही, सोयीचे जादा पैसे घ्यायचे नाहीत, आणि सोयीच्या केबिन त्या वर्गातल्या बाकीच्या विकल्या जाईपर्यंत गरजूंसाठी राखून ठेवायच्या. वागणुकीचे नियम असे झाले, मापांचं घोडं मात्र अडलं. प्रवासी जहाजांच्या बांधणीची मापं सांगणारा मसुदा २०१३मध्ये जाहीर झाला, आणि त्याचा अंतिम नियम व्हायला पुढचं दशकही पुरलं नाही.

या पोकळीचा माझ्या रोजच्या कामावर थेट परिणाम होतो. जमिनीवरच्या हॉटेलात दार ३२ इंच मोकळं असलं पाहिजे, हे ठरलेलं आहे. जहाजाबाबत मला विचारावं लागतं. साध्या केबिनची दारं २३-२४ इंचांची असतात, म्हणजे आत्याची खुर्ची आत जात नाही. सोयीच्या केबिनमध्ये न्हाणीघराला उंबरठा आहे का? पलंगाच्या बाजूला खुर्ची वळायला जागा किती? पलंगाची उंची किती? बाल्कनीच्या दाराची कड किती? कंपनीच्या 'ॲक्सेस' विभागाला मी नऊ ईमेल पाठवले. "पूर्णपणे व्हीलचेअरयोग्य" असं उत्तर सात वेळा आलं. आठव्यांदा एका बाईंनी केबिनचा आराखडा पाठवला, त्यावर मापं होती. त्या दिवशी मी पैसे भरले. दोन-तीन हजार प्रवाशांच्या बोटीवर अशा केबिन काही डझनच असतात, त्यामुळे वर्षभर आधी हलावं लागतं.

भरती, ओहोटी आणि पडाव

जहाजाच्या आत सगळं जमलं तरी बाहेर पडायचं कसं? काही बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. कोकणात आगबोटी होत्या तेव्हा हे काम पडाव करायचे. बोट आणि पडाव दोन्ही हलत असताना माणसानं एका झेपेत पलीकडे जायचं. क्रूझवाले या होडीला टेंडर म्हणतात, आणि छोट्या अक्षरांत लिहून ठेवतात की समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअरवाल्यांना नेता येणार नाही. काही जहाजांवर खुर्चीसकट होडीत उतरवणारी यंत्रणा आहे, पण ती प्रत्येक बोटीवर नाही.

म्हणून मी टेंडरचं एकही बंदर नसलेला मार्ग निवडला. केचिकन, ज्यूनो, स्कॅगवे, तिन्ही ठिकाणी धक्का आहे. पण अलास्काच्या या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला वीस फुटांच्या आसपास जातो. जहाज आणि तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतात, जमीन होत नाही. त्यामुळे सकाळी सपाट वाटणारी उतरंड दुपारी घसरगुंडी झालेली असू शकते. कुठलाच कायदा चंद्राला नियम लावू शकत नाही. मी तिन्ही दिवसांची भरतीची वेळापत्रकं काढली आणि उतरायच्या-चढायच्या वेळा त्याप्रमाणे लिहिल्या. आत्याला हे फार आवडलं. भरती-ओहोटीही तिनं फळ्यावर शिकवलेली आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. आग लागली तर? लिफ्ट बंद होतात, आणि मग खलाशी जिन्यावरून उचलूनच नेतात. तिच्या अटीत हे बसत नव्हतं, म्हणून सांगायला मी कचरत होते. ती म्हणाली, "तेव्हा काय, सगळ्यांनाच पळवतील. ते चालेल मला."

४८ तास

जहाजानंतर जमीन. व्हिटियरला धक्क्याच्या शेजारूनच रेल्वे सुटते. अलास्का रेल्वे १९२३ साली पूर्ण झाली. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी निनाना इथं सोन्याचा खिळा ठोकला. काचेच्या छताच्या दुमजली डब्यांपैकी काहींना वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, काहींना नाही. तिकिटावर ते लिहिलेलं नसतं, डबा विचारूनच घ्यावा लागतो.

मग बस. १९७८च्या जुलैमध्ये डेन्व्हर शहरात १९ अपंग लोकांनी व्हीलचेअर बसच्या आडव्या लावल्या आणि रात्रभर रस्त्यातच मुक्काम केला. त्यांना शहराच्या बसमध्ये चढायचं होतं, आणि बसला लिफ्ट नव्हती. तिथून सुरू झालेली चळवळ एडीएपर्यंत पोचली. शहरातल्या नव्या बसना लिफ्ट आली. पण लांब पल्ल्याच्या आणि सहलीच्या उंच बसगाड्यांच्या मालकांनी खर्चाचा मुद्दा लावून धरला. संसदेनं आधी अभ्यास करायला सांगितलं, आणि त्यांचे नियम यायला १९९८ उजाडलं. त्यात सहलीच्या बससाठी तडजोड झाली: प्रवाशानं ४८ तास आधी कळवायचं, मग कंपनीनं लिफ्टची बस द्यायची.

देनालीत हेच लागतं. उद्यानाचा रस्ता ९२ मैलांचा, खासगी गाड्यांना त्यातले पहिले १५ मैलच मोकळे. पुढे बसनंच जायचं. २०२१मध्ये दरड सरकल्यापासून ४३व्या मैलाच्या पुढचा रस्ता बंद झाला. लिफ्टच्या बस आहेत, पण सगळ्या नाहीत. ४८ तास हा नियमातला आकडा. मी नऊ महिने आधी कळवलंय.

हे ४८ तास मला सगळ्यात जास्त खुपतात. हक्क आहे, पण तो दोन दिवस आधी मागायचा. उद्या सकाळी धुकं फिटलं आणि शिखर दिसलं म्हणून धावत जाऊन बस पकडायची, हे बाकीच्यांना जमतं. आत्याला सगळं आधी ठरवावं लागतं. अचानक काही करणं ही चैन आहे, हे मला ही सहल आखताना कळलं. आणि ज्याचं माप नियमात नाही, ते माप घेण्याचं काम प्रवाशाच्या अंगावर पडतं. नऊ ईमेल, तीन वेळापत्रकं, एक आराखडा, हे सगळं काम दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं राहून गेलेल्या नियमांचं आहे.

आपल्याकडेही गोष्ट तिथंच येऊन थांबली होती. १९९५चा कायदा झाला, मग २०१६चा. सुगम्यतेचे नियम निघाले ते मात्र बहुतांशी शिफारशीच्या भाषेत. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात हे चालणार नाही असं सांगितलं: किमान मापं सक्तीची हवीत, ती ठरवा. अमेरिकेत २८ एप्रिल १९७७ला ज्यासाठी सही झाली, तेच आपलं न्यायालय ४७ वर्षांनी मागत होतं.

म्हणून घरातल्या कुणासाठी फोनवर तिकिटं काढत असाल, अलास्काची असोत वा अलिबागची, तर 'व्हीलचेअर चालेल का?' एवढंच विचारून थांबू नका. त्याला उत्तर 'हो' असंच येतं. दार किती इंच, उंबरठा किती, पायऱ्या किती, बसला लिफ्ट आहे का, हे विचारा. आकडा मागा आणि लेखी मागा. विचारताना 'सॉरी, थोडा त्रास देतेय' असं म्हणू नका. हे आकडे मागण्यासाठी लोक रस्त्यात झोपले आहेत.

आत्याचा फॉर्म परवा भरला. 'मदतीनं काही पायऱ्या चढता येतात का?' तिनं 'नाही' लिहायला सांगितलं. 'रोज औषधं?' दोन. 'खुर्चीची रुंदी?' २५ इंच. शेवटी 'आणखी काही गरज?' असा रिकामा चौकोन होता. मी तो सोडून पुढे चालले होते, तिनं थांबवलं.

"लिही," ती म्हणाली. "ग्लेशियर कुठल्या बाजूनं दिसणार ते आदल्या रात्री कळवा. मला लवकर जाऊन पुढची जागा धरायची आहे."